कंप्युटरवर, कंप्युटरमध्ये, कंप्युटरला : इंग्रजीत ऑन, इन, ॲट की टू?

सांजतारा

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. गेल्या महिन्यात ऑफिसात एक गोष्ट घडली आणि आता लिहायलाच हवं असं वाटलं.

मी पुण्यात हिंजवडीला सपोर्टचं काम करते. दिवसभर परदेशातल्या ग्राहकांना इंग्रजीत उत्तरं लिहायची. एका ग्राहकाच्या सर्व्हरचं मोठं काम मंगळवारी सुरू होऊन शुक्रवारी संपणार होतं. मला कळवायचं होतं, 'सर्व्हर शुक्रवारपर्यंत बंद राहील.' मी लिहिलं, 'द सर्व्हर विल बी डाउन बाय फ्रायडे.' त्यांनी अर्थ असा घेतला की सर्व्हर शुक्रवारच्या आत कधीतरी बंद होईल, म्हणजे आठवड्याच्या मधे तरी चालू असणार. पगाराचं काम त्यांनी बुधवारी ठेवलं. बुधवारी सर्व्हर बंद! तिकडच्या लोकांचे पगार उशिरा झाले.

तो मेल मी नंतर कितीतरी वेळा वाचला. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, कर्ता-क्रियापद बरोबर. चुकला तो एकटा 'बाय'. आणि तो का चुकला हेही मग उमगलं. आपण 'फाइल शुक्रवारपर्यंत देते' म्हणतो आणि 'सर्व्हर शुक्रवारपर्यंत बंद राहील' असंही म्हणतो. दोन्हीकडे 'पर्यंत'च. इंग्रजीत पहिल्या वाक्यात 'बाय' लागतो, कारण काम त्या मुदतीच्या आत एकदा व्हायचंय. दुसऱ्यात 'अन्टिल' लागतो, कारण ती अवस्था तिथवर सलग चालणार आहे.

त्या दिवसापासून मी एक वही केली आहे. त्यातून एक गोष्ट पक्की लक्षात आली. पुस्तकांत 'ऑनचे उपयोग', 'इनचे उपयोग' अशी प्रकरणं असतात. ती पाठ करून माझं काही सुधारलं नव्हतं, कारण वाक्य माझ्या डोक्यात आधी मराठीत येतं. जिथे मराठीचा एकच प्रत्यय इंग्रजीत दोन-तीन वाटांना फुटतो, नेमकी तिथेच माझी चूक होते. म्हणून मी वही मराठीकडून लिहायला घेतली. एका पानावर एक प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय, आणि खाली ते कुठे कुठे फुटतं.

उदाहरणार्थ 'ने'चं पान. 'माउसने' म्हणजे 'विथ द माउस', कारण ते हातातलं साधन. 'मेलने पाठवलं' म्हणजे 'बाय ईमेल', ही पाठवण्याची रीत. इथे मधे 'द' किंवा 'माय' येत नाही. 'लॅपटॉपने पाठवलं' म्हणजे 'फ्रॉम माय लॅपटॉप', कारण तिथून निघालं. 'वायफायने पाठवलं' म्हणजे 'ओव्हर वायफाय', कारण त्या वाटेने गेलं. मराठीत चारही ठिकाणी 'ने' अगदी सहज बसतो. मी आधी चारही ठिकाणी 'थ्रू' लिहायचे. 'सेंट थ्रू मेल', 'सेंट थ्रू लॅपटॉप'. ग्राहकाला समजायचं, पण वाक्य अडखळायचं.

दुसरं पान 'पासून'चं. 'सकाळपासून नेट बंद आहे' यात 'सिन्स मॉर्निंग', कारण सुरुवातीचा क्षण सांगितला. 'दोन तासांपासून बंद आहे' यात 'फॉर टू अवर्स', कारण लांबी सांगितली. आपल्याकडच्या तक्रारींत 'सिन्स टू डेज' इतक्या वेळा दिसतं की डोळ्यांना तेच बरोबर वाटायला लागतं.

सगळ्यात मोठं पान 'वर' आणि 'मध्ये' यांचं आहे, पण त्यात माझ्याच मनात गोंधळ आहे. तुमच्या वहीत काय आहे ते सांगा ना. कंप्युटर, फोन, नेट, ऑफिसचे मेल, काहीही चालेल.

पानवेल

फार गरजेचा धागा. मी सॉफ्टवेअरची मदतपानं लिहिते, म्हणजे 'इथे क्लिक करा, तिथे टाइप करा' हाच माझा रोजचा धंदा. 'वर' आणि 'मध्ये'बद्दल लिहिते.

आधी खुद्द कंप्युटर. तीन वाक्यं शेजारी ठेवा. 'ॲट द कंप्युटर' म्हणजे माणूस त्याच्यासमोर बसलाय, मग तो काम करत असो वा नुसता बघत असो. 'ऑन द कंप्युटर' म्हणजे त्यावर काम चाललंय, किंवा फाइल त्यावर ठेवली आहे. 'इन द कंप्युटर' म्हणजे डब्याच्या आत, स्क्रू काढल्यावर जे दिसतं ते. रॅमची पट्टी इन द कंप्युटर, धूळ इन द कंप्युटर. फोटो मात्र ऑन द कंप्युटर. आपण 'फोटो कंप्युटरमध्ये आहेत' म्हणतो आणि तिथून 'इन' येतो.

मग साठवण्याच्या जागा. डिस्क, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, सर्व्हर, या सगळ्यांना 'ऑन'. चुंबकीय डिस्कच्या पृष्ठभागावर खरोखरच लिहिलं जायचं. टेपवर, तबकडीवर गाणं असतं तसं. पेनड्राइव्हमध्ये फिरणारी तबकडी नाही, तरी 'ऑन' तसाच राहिला. रॅमला मात्र 'इन मेमरी', कारण तो शब्द माणसाच्या स्मरणातून आला आणि आठवण मनात असते. फाइल आणि फोल्डर ही कागदी कचेरीतली नावं, म्हणून तिथे 'इन'. एकाच वाक्यात दोन्ही येतात : 'द रिपोर्ट इज इन द ऑडिट फोल्डर ऑन द सर्व्हर'. मराठीत हेच 'सर्व्हरवरच्या ऑडिट फोल्डरमध्ये' असं येतं. इथे दोन्ही भाषांचं जमतं.

जमत नाही ते क्लाउडशी. आपण सगळे 'क्लाउडवर टाकलंय' म्हणतो. इंग्रजीत 'इन द क्लाउड'. नेटवर्कच्या आकृत्यांत, पलीकडचं तपशिलात दाखवायचं नसेल तिथे ढग काढायचे, त्यावरून ते नाव पडलं, आणि ढगात वस्तू आत असते. याउलट इंटरनेटला दोन्हीकडे 'वर' : टीव्हीवर, रेडिओवर, फोनवर, इंटरनेटवर. ही ओळ इंग्रजीतही तशीच्या तशी आहे, म्हणून 'ऑन द इंटरनेट' कुणाचं चुकताना मी पाहिलं नाही.

स्क्रीनवरच्या गोष्टींत आमच्या कामात ठरलेले संकेत असतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या मदतपानांतलं नेहमीचं वाक्य बघा : 'ऑन द होम टॅब, इन द फॉन्ट ग्रुप, क्लिक बोल्ड'. टॅब हा पृष्ठभाग म्हणून ऑन, गट ही आतली जागा म्हणून इन. पान, टॅब, टूलबार यांना ऑन. खिडकी, डायलॉग, चौकट, यादी यांना इन. मेनूबद्दल खुद्द कंपन्यांतच दोन मतं : मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पुस्तकांत 'ऑन द फाइल मेनू' असायचं, गुगलच्या लेखनसंकेतांत 'इन' आहे. तेव्हा मेनूपाशी अडलात तर काळजी करू नका, एकाच दस्तऐवजात दोन्ही वापरू नका इतकंच.

आणि एक. 'क्लिक ऑन द बटन' यातला 'ऑन' दोन्ही कंपन्यांच्या संकेतांत काढायला सांगतात. नुसतं 'क्लिक द बटन'. मराठीत 'बटणावर क्लिक करा' यातला 'वर' काढता येत नाही, म्हणून तो ऑन आपल्या हातून सुटत नाही. बोलताना चालतो, मदतपान लिहिताना काढा.

दगडी_चाळ_३रा_मजला

+१, वाचनखूण साठवली.

पण एक विचारतो. वर्डला 'इन वर्ड' आणि व्हॉट्सॲपला 'ऑन व्हॉट्सॲप', असं का? दोन्ही सॉफ्टवेअरच ना?

पानवेल

@दगडी_चाळ_३रा_मजला, माझ्या मनातली खूण सांगते. वर्ड, एक्सेल, फोटोशॉप यांच्या आत बसून तुम्ही काहीतरी घडवता, ती कामाची खोली आहे, म्हणून इन. ब्राउझरही तसाच, 'ओपन इट इन क्रोम'. व्हॉट्सॲप, यूट्यूब, फेसबुक हे लोक भेटायचे कट्टे आहेत, फोन-रेडिओच्या जातीतले, म्हणून ऑन. मीटिंग आणि कॉलचंही बघा : इन अ मीटिंग, ऑन अ कॉल. मराठीतही आपण 'मीटिंगमध्ये आहे' आणि 'कॉलवर आहे' म्हणतो. तिथे कानाला जे येतं ते सरळ लिहा.

पंचकार्ड

मी निवृत्त माणूस. मुंबईत आयुष्यभर मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कचेऱ्यांच्या अवाढव्य कंप्युटरवर काम केलं, त्यातली बरीच वर्षं कोबोलमध्ये. धागा वाचून राहवलं नाही.

कोबोल ही १९५९-६० साली घडलेली प्रोग्रामिंगची भाषा. हिशेबाचं काम करणाऱ्याला वाचता यावी म्हणून ती जवळजवळ इंग्रजी वाक्यांत लिहायची. त्यामुळे तिच्यात ही अव्ययं म्हणजे नुसतं व्याकरण नव्हतं. अव्यय बदललं की उत्तर बदलायचं.

'ॲड ए टू बी' म्हणजे बी मध्ये ए मिळवा. 'सबट्रॅक्ट ए फ्रॉम बी' म्हणजे बी मधून ए वजा करा. इथवर ठीक. पण भागाकाराला दोन वाटा होत्या. 'डिव्हाइड ए बाय बी गिव्हिंग सी' यात ए ला बी ने भागायचं. 'डिव्हाइड ए इन्टू बी' यात मात्र उलट, बी ला ए ने भागायचं आणि उत्तर बी मध्येच राहायचं. ए मध्ये ४ आणि बी मध्ये २० असतील तर 'इन्टू'ने बी मध्ये ५ येणार.

आमच्याकडे नव्या मुलांचं हमखास इथे अडायचं. शाळेत 'इन्टू' म्हणजे गुणिले हेच आपण शिकलो ना! 'टू इन्टू थ्री इज सिक्स'. ते आपल्या वर्गातलं इंग्रजी. इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे ते गुणाकाराला 'टाइम्स' म्हणतात, आणि 'फोर इन्टू ट्वेंटी' हे त्यांच्या कानाला भागाकाराचं वाक्य आहे : वीसमध्ये चार किती वेळा जातात? मी मुलांना सांगायचो, 'डिव्हाइड ए इन्टू बी' हे मनात 'ए ने बी ला भागा' असं म्हणा. मराठी वाक्यातही ए आधी, बी नंतर, त्याच क्रमाने. मग ती चूक परत झाली नाही.

सांजतारा, तुम्ही वही मराठीकडून लिहिता आहात ते मला फार पटलं. आम्ही नकळत तेच करत होतो.

उंबरठा_लेस्टर

पंचकार्ड काका, 'टू इन्टू थ्री'वरून माझ्या इथली गोष्ट आठवली. मी इंग्लंडात १४ वर्षं आहे. आले त्या आठवड्यात बँकेत ईमेल पत्ता सांगायचा होता. मी माझं नाव सांगितलं आणि पुढे 'ॲट द रेट' म्हटलं. काउंटरवरच्या बाईंनी 'द रेट' ही अक्षरंसुद्धा पत्त्यात लिहून घेतली. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला तेव्हा मला कळलं. मी बोट ठेवून दाखवलं, त्यांनी खोडलं आणि म्हणाल्या, 'ओह, जस्ट ॲट.'

आपल्याकडे हे चिन्ह बिलांवरून आलं. १२ वह्या, दर १० रुपये, मधे @. म्हणून त्याचं नावच 'ॲट द रेट' पडलं. पण ईमेलमध्ये दराचा संबंध नाही. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवर, एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर निरोप पाठवायची सोय केली, तेव्हा माणसाचं नाव आणि त्याच्या मशीनचं नाव यांच्या मधे हे चिन्ह ठेवलं. अमुक माणूस, अमुक मशीनपाशी. म्हणजे तो खरोखरीचा 'ॲट' आहे, पत्ता दाखवणारा. 'मेल मी ॲट' यानंतर पत्ता, हेही त्याच जातीचं. भारतात 'मेल मी ऑन' ऐकू येतं, ते 'मेलवर पाठव'मधून आलेलं असणार.

फोन नंबरला मात्र इकडे 'कॉल मी ऑन धिस नंबर' म्हणतात आणि अमेरिकेत 'ॲट धिस नंबर'. शनिवार-रविवारच्या कामालाही तसंच : इंग्लंडात 'ॲट द वीकेंड', अमेरिकेत 'ऑन द वीकेंड'. सपोर्टवाल्यांनी ग्राहक कुठला आहे ते बघून लिहावं.

रानजाई

थोडं वेगळं मत मांडते, राग नसावा. 'इन माय लॅपटॉप', 'सिन्स टू डेज', 'अटॅच्ड विथ धिस मेल' हे भारतात इतके लोक म्हणतात की ते आता आपलं इंग्रजीच झालंय. समोरच्याला समजतं ना? मग आपण कायम अपराधी वाटून का घ्यायचं? अमेरिकन आणि ब्रिटिश यांचं एकमेकांशी जमत नाही, ते कुणी चूक म्हणत नाही.

सांजतारा

@रानजाई, राग कसला, हा प्रश्न मलाही पडतो आणि तुझ्या म्हणण्यातलं निम्मं मला मान्य आहे. 'इन माय लॅपटॉप' लिहिलं म्हणून कुणाचं नुकसान झालेलं नाही. माझ्या टीममधल्या मुलांना मी त्यावरून टोकत नाही.

पण माझ्या वहीत मी काही ओळींना लाल खूण केली आहे. तिथे समोरच्याला समजतं, फक्त उलटं समजतं. 'बाय' आणि 'अन्टिल' ही पहिली. दुसरी ही : 'रिप्लेस द ओल्ड केबल विथ द न्यू वन' बरोबर. पण तेच 'सबस्टिट्यूट'ने सांगायचं झालं तर 'सबस्टिट्यूट द न्यू केबल फॉर द ओल्ड वन', म्हणजे येणारी वस्तू आधी आणि जाणारी 'फॉर'च्या पुढे. जुनी आधी लिहिली तर वाचणारा नवी काढून जुनी बसवेल. मी आता सबस्टिट्यूट वापरतच नाही. तिसरी पंचकार्ड काकांची 'इन्टू'. लाल ओळींत तडजोड करायची नाही असं मी ठरवलंय, कारण त्याची किंमत पलीकडच्या माणसाने मोजलेली मी पाहिली आहे.

'अटॅच्ड विथ' मी लाल नाही केली. पण ती का होते ते बघ : 'मेलसोबत जोडलंय' यातला 'सोबत'. इंग्रजीत जोडणं हे एखाद्या गोष्टीला होतं, 'अटॅच्ड टू धिस मेल'. मराठीतही 'मेलला जोडलंय' म्हणतोच आपण. तेच मनात म्हटलं की 'टू' आपोआप येतो. 'वायफायला जोड' कनेक्ट टू, 'प्रिंटरला पाठव' सेंड टू, 'मेलला उत्तर दे' रिप्लाय टू. 'ला'चं पान माझ्या वहीतलं सगळ्यात सरळ पान आहे.

कोडगंगा

प्रोग्रामिंगवाल्यांसाठी थोडी भर. एरर मेसेज नीट वाचले तरी बरंच शिकता येतं. पीएचपी या वेबसाइटींसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेची चूक दाखवणारी ओळ आठवा : शेवटी 'इन' आणि फाइलचं नाव, मग 'ऑन लाइन १२'. फाइल ही आतली जागा, ओळ हा पृष्ठभाग. म्हणून बग नोंदवताना 'एरर इन लॉगिन फाइल ऑन लाइन १२' असंच लिहायचं. मराठीतही 'फाइलमध्ये, १२व्या ओळीवर', तेव्हा लक्षात ठेवायला सोपं.

एसक्यूएल ही डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा तर या अव्ययांवरच उभी आहे. सिलेक्ट फ्रॉम, इन्सर्ट इन्टू, जॉइन ऑन, ग्रुप बाय. मी मराठी माध्यमातून आलो. 'बाय' म्हणजे 'ने' किंवा 'कडून' एवढंच ठाऊक होतं, त्यामुळे 'ग्रुप बाय सिटी' कळेना. सरांनी सांगितलं, 'शहरवार गट.' जिल्हावार यादी, आठवडावार हिशेब, तो 'वार'. तेव्हापासून 'सॉर्ट बाय डेट' म्हणजे तारीखवार लावा. सगळं तिथेच सुटलं.

प्रोग्रामिंगच्या भाषेला मात्र 'इन' : 'रिटन इन जावा'. मराठीत लिहिलं, तसं जावात लिहिलं. आणि ज्या मशीनवर किंवा सिस्टिमवर चालतं तिला 'ऑन' : 'रन्स ऑन लिनक्स'.

पानवेल

'वार' सुरेख! माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

कोडगंगा यांनी लॉगिनचं नाव काढलंय तर तेही सांगून टाकते, कारण 'लॉगिन इन्टू द पोर्टल' रोज दिसतं. 'लॉगिन' हे नाम. क्रियापद दोन तुकड्यांत : 'लॉग इन'. त्यातला 'इन' क्रियापदाचा, आणि पोर्टलला जोडणारा 'टू' वेगळा. 'लॉग इन टू द पोर्टल'. बाहेर पडताना 'लॉग आउट ऑफ द पोर्टल'. आउटनंतर 'फ्रॉम' घालायचा मोह होतो तो 'पोर्टलमधून'मुळे. ज्याच्या आधाराने शिरतो त्याला 'विथ' : 'साइन इन विथ युअर पासवर्ड'. पासवर्डने, म्हणजे सांजताराच्या 'ने'च्या पानावरचा माउसचा शेजारी.

नाम आणि क्रियापद यांचा हा घोळ आणखीही ठिकाणी होतो. 'अ रिक्वेस्ट फॉर ॲक्सेस' यात रिक्वेस्ट नाम, म्हणून फॉर. क्रियापद असेल तर 'वी रिक्वेस्टेड ॲक्सेस', मधे काही नाही. 'ॲक्सेस टू द सर्व्हर' नाम, 'टू ॲक्सेस द सर्व्हर' क्रियापद. 'डिस्कस अबाउट' तसंच, नामाला 'अ डिस्कशन अबाउट', क्रियापदाला नुसतं 'डिस्कस'.

घाटमाथा

मी कोल्हापूरजवळ एका शाळेत कंप्युटर शिकवतो. पोरांना इंग्रजीची धास्ती असते, म्हणून काल हा धागा वाचून आठवीच्या वर्गात करून बघितलं. फळ्यावर 'ने' लिहिला आणि म्हटलं, कंप्युटरच्या खोलीत 'ने' लावून काय काय करता ते सांगा. माउसने, पासवर्डने, केबलने, मेलने, बोटाने, ब्लूटूथने. पाच मिनिटांत फळा भरला. मग एकेका शब्दाला विचारलं : हातातलं साधन, रीत, निघायची जागा की वाट? 'केबलने'वर वर्गाचे दोन तट पडले. केबलने बांधलं तर साधन, केबलने डेटा पाठवला तर वाट. एक मुलगी म्हणाली, 'सर, मग शब्द बघून नाही सांगता येणार, वाक्य पाहिजे.' पुढचा अख्खा तास वाक्यांतच गेला.

त्यातच एक जोडी निघाली, ती इथे देतो. 'बॅकअप वेळेवर होतो' आणि 'बॅकअप वेळेत घेतला म्हणून फाइल वाचली'. वेळेवर म्हणजे ठरलेल्या वेळी, 'ऑन टाइम'. वेळेत म्हणजे उशीर व्हायच्या आत, 'इन टाइम'. वर ला ऑन, त ला इन. इथे काही फुटत नाही.

सांजतारा

घाटमाथा सर, वाचून फार आनंद झाला. 'वेळेवर-वेळेत' वहीत घेतलं, त्याला हिरवी खूण केली आहे. फुटत नाहीत अशा जोड्यांचं वेगळं पान आजपासून सुरू करते. आधी क्लाउड आणि बटण सोडून पानवेलच्या 'वर'वाल्या जोड्या, मीटिंग-कॉल, आणि कोडगंगाची फाइल-ओळ.

आणि रानजाईने विचारलं नसतं तर सांगायचं राहिलं असतं : आमच्या टीमचा मेलचा नमुना आम्ही बदलला. आता त्यात 'बाय'ही नाही आणि नुसता 'अन्टिल'ही नाही. 'द सर्व्हर विल बी डाउन फ्रॉम ट्यूझडे ९ एएम अन्टिल फ्रायडे ६ पीएम', आणि खाली वेगळ्या ओळीत, 'डू नॉट शेड्यूल एनी जॉब्ज ऑन वेन्सडे ऑर थर्सडे'. पहिला मेल त्याच ग्राहकाला गेला. त्यांचं उत्तर तासाभरात आलं : पगाराचं काम सोमवारी उरकून घेतो.